फोनला लावलेली काळी काच

वेल्डिंग शिकवण्यात माझी हयात गेली, आणि आता मला शिकवायला एक पोरगी आली होती. फ्रीगंजच्या एका हॉलमध्ये आम्हा आयटीआयच्या मास्तरांचं प्रशिक्षण होतं. अर्धा धडा मुलांनी घरी फोनवर बघायचा, उरलेला वर्कशॉपमध्ये हाताने करायचा. याला म्हणे ब्लेंडेड म्हणतात. पोरगी माधव नगरातल्या मराठी घरातली, हुशार, आणि कोणाचंही ऐकून न घेणारी. मीही तसलाच, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं जुंपलं.

प्रत्येकाने आपल्या एका धड्याचा व्हिडिओ करायचा होता. मी साफ नाही म्हटलं. मागच्या श्रावणात, देवाची पालखी निघते त्या सवारीच्या सोमवारी सुट्टी होती, तेव्हा माझ्या एका विद्यार्थ्याने फोनवर कुठलंसं वेल्डिंग बघितलं आणि मेहुण्याच्या ग्रिलच्या दुकानात उघड्या डोळ्यांनी करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आई त्याला हात धरून घेऊन आली. डोळे सुजून बंद, नुसतं पाणी. तो बरा झाला, पण मी हबकलो. वर्कशॉपमध्ये मी समोर असतो, घरी कोण असणार?

"सर, तुम्ही नाही दाखवलं तरी ते पाहणारच ना," पोरगी म्हणाली. "नेटवरचा माणूस तर धूपचा चश्मा, साधा गॉगल लावून वेल्डिंग करतो. त्याच्याकडून शिकलेलं चालेल का तुम्हाला?"

"मग काय करू? फोनला वेल्डिंगचा मास्क घालू?" मी तडकलो.

ती हसली नाही. "घाला ना," म्हणाली.

टावर चौकात चहा प्यायलो, तोही कडू लागला. पण दुसऱ्या दिवशी एका मास्कची काळी काच काढली आणि फोनच्या भिंगासमोर बसवली. सगळा पडदा काळा, मधोमध एवढासा उजेड, आणि त्यात सरकत जाणारं वितळलेलं लोखंड. मास्कच्या आतून मला रोज दिसतं ते असंच. वर मी एवढंच बोललो: "काच लगाओगे तो यह दिखेगा. नहीं लगाओगे तो फिर कभी कुछ नहीं दिखेगा." जरा जास्तच झालं, पण असू दे.

शनिवारी व्हिडिओ माझ्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला आणि रविवारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. फोन वाजला की वाटे, कोणाची तरी आई असणार.

सोमवारी सगळे वर्कशॉपमध्ये आले. मी एकेकाचे डोळे निरखून पाहिले. पोरांना वाटलं, सर सटकले.

पहिली एक मुलगी पुढे झाली. होल्डरमध्ये रॉड लावला, मास्क खाली घेतला, वाकली आणि थांबली.

"क्या हुआ? मारो ना," मी म्हटलं.

तिने मास्क वर केला. "सर, पहले आप."

मी तिच्या शेजारी उघड्या डोळ्यांनी उभा होतो, कपाळावर हाताचा आडोसा धरून. आजवर प्रत्येकाच्या शेजारी असाच उभा राहिलो. दर वेळी मास्क कोण ओढत बसणार? सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. कोणी हसत नव्हतं.

"पहनिए ना, सर. तब तक मैं चालू नहीं करूँगी."

मी निमूट खुंटीवरचा मास्क काढून तोंडावर ओढला. आत माझे डोळे इतके भरून आले, की तिची पहिली ठिणगी मला नीट दिसलीच नाही.