दोन सीटांची बाबागाडी

आमच्या जुन्नरच्या गल्लीतले हे शेजारी विचार केल्याशिवाय काडेपेटीसुद्धा घेत नसत. थोरली जेमतेम चालायला लागली तोच धाकटा झाला. मग दोघांसाठी बाबागाडी कशी घ्यावी, याचा विचार त्यांनी महिनाभर आमच्या ओट्यावर बसून केला. चहा अर्थातच आमचा.

"शेजारी-शेजारी सीटा घेतल्या तर गाडी बाजाराच्या बोळात अडकंल. मागं-पुढं घेतल्या तर मागचं पोर पुढच्याचं क्येस वढंल. लई इचार करावा लागतो, राव," असं म्हणून ते मिशीवरून बोट फिरवत. तोवर वहिनी धाकट्याला खांद्यावर टाकून, थोरलीला कडेवर घेऊन बाजारहाट उरकून येत.

अखेर पुण्याहून मागं-पुढं सीटांची गाडी आली. रविवारी सगळे बाजाराला निघाले. हे पुढे, ऐटीत गाडी ढकलत. सीटांवरचं प्लॅस्टिक तसंच आणि गाडी रिकामी. मागून वहिनी, अंगावर दोन्ही पोरं घेऊन, घामाघूम.

"अहो, पोरांना बसवा की," मी म्हटलं.

"नवी हाय, भाऊ. पोरं मळवत्यात."

मग मागे वळून वहिनींना कौतुकानं म्हणाले, "बघ, कशी हलकी चालती. उगाच न्हाई एवढा इचार केला."