हत्ती, गाढव आणि नर्सबाई

अवसरी बुद्रुकचा सरपंच कोण होणार असं विचारलं, की नर्सबाई हात झटकायच्या. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया यंदा कुणाकडे झुकतंय, हे त्या मेथी निवडता निवडता सांगायच्या. तिकडे राष्ट्राध्यक्ष व्हायला लागणारा दोनशे सत्तर मतांचा आकडा कोणत्या राज्यांतून गाठता येईल, हे त्यांना तोंडपाठ होतं. पक्षांची इंग्रजी नावं मात्र त्या घेत नसत. आपल्याकडे निशाणीवरून बोलतात, तसं त्या ‘हत्ती’ आणि ‘गाढव’ म्हणायच्या. “औंदा हत्तीला अवघड हाय,” असं त्या एकदा मंचरच्या एसटीत मला म्हणाल्या, तेव्हा मागच्या सीटवरच्या पाहुण्याने कोणत्या वॉर्डात म्हणून चौकशी केली होती.

मी त्यांची शेजारीण, शाळेत भूगोल शिकवणारी. त्या अमेरिकेचा नकाशा मागायला आल्या, तेव्हा मला तो निवृत्तीनंतरचा छंद वाटला. पण छंद कसला! त्यांचे दोन्ही मुलगे तिकडे स्थायिक होऊन तिकडचे मतदार झाले होते. थोरला प्रदीप हत्तीवाला, धाकटा मिलिंद गाढववाला. एका निवडणुकीत दोघांचं फोनवर वाजलं आणि बोलणंच बंद झालं. तेव्हापासून दोघे आईला वेगवेगळे फोन करत आणि अर्धा वेळ दुसऱ्याच्या पक्षाला नावं ठेवत. पोरं कशावरून भांडतात ते कळल्याशिवाय समजूत कशी काढायची, म्हणून ही बाई सत्तरीत परक्या देशाचं राजकारण शिकली.

“निवडणूक झाली का बोलत्याल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निकाल लागायचा. जिंकलेला आणखी ताठ व्हायचा, हरलेला आणखी कडवट. तोवर तिकडच्या संसदेची निवडणूक तोंडावर यायची.

“दर दोन वर्सांनी निवडणूक,” त्या एकदा वैतागून म्हणाल्या. “मग माणसांनी मिटवायचं कवा, बाई?”



नोकरीची बरीच वर्षं त्यांनी आहुप्याकडच्या डोंगरात काढली होती. तिथे एकदा ऐन पंचायतीच्या निवडणुकीत एक बाई बाळंतपणात अडली. गाडी वरपर्यंत जायची नाही. गावात दोन पॅनेल, एकमेकांच्या अंगणात पाय न ठेवणारी. नर्सबाईंनी दोन्ही पॅनेलचे पुढारी उठवले, बाईला झोळीत घातलं आणि झोळीच्या बांबूची दोन टोकं दोघांच्या खांद्यावर दिली. रस्त्याला लागेपर्यंत ते दोघे एकमेकांना खाचखळगे सांगत चालले होते. ही गोष्ट त्यांनी दोन्ही मुलांना ऐकवली. दोघांनी एकच उत्तर दिलं, की आई, इथलं वेगळं आहे.

शेवटी त्या स्वतः गेल्या. पासपोर्ट काढला, प्रदीपकडे उतरल्या आणि मिलिंदला तिथेच बोलावून घेतलं. मासवड्या केल्या. मिलिंद विमानाने आला, भाड्याची गाडी घेऊन घरापर्यंत पोचला. पण प्रदीपच्या अंगणात हत्तीवाल्यांची प्रचाराची पाटी रोवलेली होती. सकाळीच नर्सबाईंनी ती उपटून आत ठेवली होती. प्रदीपने ती पुन्हा लावली. “आई, हे माझं घर आहे,” एवढंच तो म्हणाला. पाटी बघून मिलिंद गाडीतून उतरलाच नाही. आईला त्याने फोन करून रस्त्यावर बोलावलं. ताटली घेऊन त्या गाडीत जाऊन बसल्या. तासभर मिलिंद खात होता आणि प्रदीप खिडकीतून बघत होता.

तीन महिन्यांसाठी गेलेल्या नर्सबाई तीन आठवड्यांत परत आल्या. मी चहा घेऊन गेले, तर पिशव्याही न सोडता बसलेल्या.

“सगळ्या डोंगरातल्या अडलेल्या बाया मोकळ्या केल्या,” त्या म्हणाल्या. “माझीच दोन न्हाई सुटली.”

त्या दोघांचे नंबर माझ्याकडे होते. फोन करून चांगलं सुनवावं असं कितीदा मनात आलं. “तुमी नका मदी पडू, तुमच्याशी बी बोलायचं बंद करत्याल,” म्हणून त्यांनी मला अडवलं.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. मीच दोघांना कळवलं, वेगवेगळं. प्रदीपचं विमान मुंबईला आधी उतरलं. तो विमानतळावर मिलिंदसाठी सहा तास थांबला आणि दोघे एकाच गाडीतून आले. मिलिंदला उतरताना रडू आवरेना, तेव्हा प्रदीपने त्याच्या हातातली बॅग घेतली. दोघांनी आईला खांदा दिला, बुद्धवंदनेला शेजारी शेजारी बसले.

संध्याकाळी ओसरीवर प्रदीप मला म्हणाला, “मिलिंद एकटा कसा आला असता, म्हणून थांबलो.”

तो खरंच मनापासून बोलत होता. तरी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

“हे तुमच्या आईला बघायला मिळायला हवं होतं,” मी म्हणाले.

त्याने मान खाली घातली. मिलिंद दारातच उभा होता, त्यानेही ऐकलं. मग मिलिंद येऊन भावाशेजारी पायरीवर बसला, आणि मला तेही बघवेना.