'इतर'मधली वीस मेंढरं

बायपासवरच्या चौकात पूल झाला, त्याला आता दोन वर्षं होतील. त्यावरून जाताना आमच्या घरचे म्हणतात, एकदाची सुटका झाली. मी काही बोलत नाही. एरवीही फारशी बोलत नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

इंजिनिअरिंग झाल्यावर त्या पुलाचा आराखडा करणाऱ्या एका लहान ऑफिसात मला नोकरी लागली. पहिलं काम होतं चौकातली वाहनं मोजायचं. सात दिवस, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. बिडकीनकडून येणारे कंटेनर, शहरातून निघालेल्या रिक्षा, उसाचे ट्रॅक्टर, सगळं एकाच सिग्नलपाशी येऊन तुंबायचं, आणि सिग्नल नुसता पिवळा लुकलुकायचा. मी एका बंद दुकानाच्या पायरीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. मांडीवर छापील फॉर्म. कार, रिक्षा, दुचाकी, ट्रक, बस, बैलगाडी आणि शेवटी 'इतर'. एक वाहन गेलं की एक उभी रेघ. पाचवी आडवी.

शेजारचा चहावाला दुसऱ्याच दिवशी मला म्हणाला, "मॅडम, मेरा ठेला भी लिख लेव. ये भी हिलता नै, वो गाडियां भी हिलती नै."

मी हसून पुढची रेघ ओढली. शाळा सगळी इंग्रजीतून झालेली. रस्त्यावरच्या माणसाशी बोलायला गेलं की माझं मराठी छापल्यासारखं येतं, समोरचा गालात हसतो. म्हणून मी गप्प राहायला शिकले होते.

मेंढरं पहिल्या दिवसापासून दिसत होती. पिशोरकडच्या मेंढपाळांचं एक बिऱ्हाड रस्त्याच्या अलीकडे माळावर उतरलं होतं. सकाळी आणि संध्याकाळी त्यांचा कळप चौक ओलांडायचा. पुढे एक बाई, हातात काठी, मागे सामान लादलेलं घोडं. बाई काठी आडवी धरून कंटेनरच्या तोंडासमोर उभी राहायची. ड्रायव्हर हॉर्न दाबून धरायचा, ती त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही.

पहिल्याच सकाळी मी पेनाचं टोक पुढे करून मेंढरं मोजायला लागले, तर तिने जवळ येऊन माझं पेन काठीनेच खाली केलं.

"मोजू नगं गं पोरी. नजर लागती."

"मावशी, मला लिहावं लागतं. इथे पूल होणार आहे."

"मंग लिव्ह की. मोजायचं कशाला?"

"किती लिहू?"

तिने कळपाकडे न बघता सांगितलं, "लिव्ह वीसेक."

डोळ्यांसमोरून मेंढरं जातच होती, संपत नव्हती. मी 'इतर'मध्ये वीस लिहिलं. सातही दिवस, दोन्ही वेळा, वीस.

शेवटच्या संध्याकाळी ती माझ्या खुर्चीजवळ टेकली. पल्याडचे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्या-मुताचं खत होतं, बदल्यात धान्य देतात. त्यावर तिच्या घराचं वर्ष निघतं, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "पूल झाल्यावर आमी पल्याड कुठनं जावं? खालनं घोड्यासकट जागा ठिवा म्हणावं तुझ्या सायबाला."

"सांगते," मी म्हणाले.

सांगायचं म्हणजे माझ्यासाठी लिहायचं. पुलाखालून आडवा जाणारा बोगदा, ज्याला ऑफिसात सगळे बॉक्स म्हणत, तो कळप आणि घोडं जाईल इतका उंच-रुंद हवा आणि त्याला पायऱ्या नकोत, अशी एक पानभर इंग्रजी नोट मी सरांना दिली. मीटिंगमध्ये त्यांनी ती वाचली.

"इंग्लिश फार छान आहे हं तुझं," ते म्हणाले. मग माझे फॉर्म उलटले. "पण इथे तूच लिहिलंयस, वीस. सातही दिवस वीस. तुझ्या मेंढ्या मस्टरवर सह्या करून येतात का?"

सगळे हसले.

"वीस मेंढ्या वरूनच जातील, एक मिनिटात. त्यांच्यासाठी बॉक्स बदलायचा?"

आता फक्त एक वाक्य बोलायचं होतं. सर, तो आकडा खोटा आहे. पण एक रकाना खोटा म्हटला की बाकीच्या रकान्यांवर कोण विश्वास ठेवणार, आणि माझ्यावर? मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर वाचत राहिले. सरांनी पुढचा विषय घेतला.

बॉक्स झाला तो चालणाऱ्या माणसापुरता, दोन्हीकडे पायऱ्या असलेला. खालचा चौक दुभाजकाने बंद झाला, कळपाला पल्याड जायला पूलच उरला. पुढच्या हंगामात ऑफिसात तक्रार आली, पुलावर रोज दोनदा वाहतूक ठप्प होते. कारण बघून ये, म्हणून सरांनी मलाच पाठवलं. कारण मला ठाऊक होतं. रिक्षा पुलाच्या चढावरच अडकली, म्हणून मी उतरून चालत गेले. नव्याकोऱ्या डांबरावरून, दोन्ही कठड्यांना घासत, कळप चालला होता. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एक जण गाडीतून ओरडत होता, "ओ बाई, तुमच्या बापाचा पूल हाय का?"

"न्हाय, तुझ्या बापाचा," बाई मागे न बघता म्हणाली.

तिने मला ओळखलं. "आलीस व्हय. सांगितलं न्हाईस ना?"

"सांगितलं होतं, मावशी. पण वीस मेंढरांसाठी नाही करत, म्हणाले."

"वीस?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

ती चालता चालता थांबली. "आगं, आपली जितराबं मोजून कुनी सांगतं व्हय? तुला डोळं हुतं की."

मला तिचा राग आला. सरांचाही आला. बाईने काठी सरळ केली आणि ती पुढे निघाली. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि कळप माझ्यासमोरून जाऊ दिला. पेन पर्समध्येच ठेवलं, ओठ हलू दिले नाहीत. घोडं उतारावर दिसेनासं झालं, तेव्हा फॉर्म काढून 'इतर'मध्ये लिहिलं, दोनशे चौदा. खाली बॉक्सचं काँक्रीट केव्हाच वाळलं होतं.