स्कॉटलंड-रिटर्न्ड झुबेदा

कुवेतमध्ये शर्क भागातल्या मासळीबाजारात पापलेटला ‘झुबैदी’ म्हणतात. माझी मैत्रीण झुबेदा मुकादम तिथल्या आरोळ्या ऐकून म्हणायची, “बघ, सगळा बाजार माझ्या नावानं ओरडतोय.” मग पापलेट हातात घेऊन इराणी कोळ्याला विचारायची, “तुमची आजी याला काय म्हणायची?” टॅक्सीवाला असो, इंजेक्शन देणारी नर्स असो, दोन मिनिटांत ती समोरच्याच्या आजीपर्यंत पोचायची.

साठ सालानंतरची गोष्ट. कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो. ती इतिहास, मी इंग्रजी. ती दाभोळकडची, मी साताऱ्याची. दोघीही एम.ए., पण माझा वर्ग पहिला आणि तिचा दुसरा, हे मी कधी विसरत नसे. शाळेत ती पुस्तकी मराठी बोलायची. जिव्हाळ्याचं काही असलं की गावच्या बोलीवर यायची.

गाणं शिकवायला आमच्याकडे मॉराग नावाच्या स्कॉटिश बाई येत. त्यांचे उच्चार मला गावंढळ वाटत. झुबेदानं त्यांनाही आजीबद्दल विचारलं. बाई एकदम गाऊ लागल्या. त्यांच्या बेटावरच्या बायका ओलं लोकरी कापड फळीवर आपटताना म्हणायच्या ते गाणं, तिथल्या जुन्या गेलिक भाषेतलं.

“शाळेत ही भाषा बोललं की आम्हाला मार बसायचा,” त्या म्हणाल्या.

झुबेदा त्यांच्याकडे गेलिक शिकू लागली. मीही थोडे दिवस गेले. त्या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ला स्वतंत्र शब्दच नाहीत हे कळल्यावर मी नाद सोडला. झुबेदाला नेमकं त्याचंच वेड लागलं.

पुढे बाईंकडूनच समजलं की स्कॉटलंडचा इतिहास, संस्कृती आणि भाषा यांचा पदव्युत्तर अभ्यास एडिंबरोला करता येतो, परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही मिळते. झुबेदानं अर्ज केला. मीही केला. स्कॉटलंडचं मला काडीचं प्रेम नव्हतं. पण ती जाते आणि मी मागे राहते, हे सोसवलं नसतं. तिची निवड झाली. माझी झाली नाही.

आता तिचे यजमान युसूफभाई तिला जाऊ देणार नाहीत, अशी मला आशा होती. ते बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होते. त्यांचा नकार ऐकायला मी मुद्दाम त्यांच्या घरी चहाला गेले. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, “लगीन झाल्यावर कितीतरी वरसां मी हितं नि ही गावाला. तवा हिनं एकटीनं घर चालवलान. आता वरीसभर मी चालवीन.”

घरी येऊन मी हे यजमानांना सांगितलं. “बरंय बुवा त्यांचं,” ते म्हणाले, “आमटी आज पातळ झालीय.” झुबेदाचा हेवा जास्त वाटला की तिला मिळालेल्या नवऱ्याचा, हे मला आजही सांगता येणार नाही.

वर्षानं ती परत आली. हेडमास्तरांनी विचारलं, “तिकडे थंडी फार असते ना?” आणि तिला चौथीचा भूगोल दिला. शेजारणींनी स्वेटरची चौकशी केली. “त्या भाषेचा इथं उपयोग काय?” असं जो तो म्हणे. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ते बरं वाटणं टिकलं नाही. मधल्या सुट्टीत मी तिला खोदून खोदून विचारू लागले. कोण शिकवायचं? तोंडी परीक्षेत काय विचारलं? बेटांवर जाऊन म्हाताऱ्यांची गाणी टेपवर घेतलीस, तेव्हा राहिलीस कुठे? ती सांगायची. एकेका उत्तरानं माझा जीव करपायचा, तरी पुढचा प्रश्न तयारच असायचा.

काही वर्षांनी युसूफभाईंची तब्येत बिघडली आणि दोघं कायमची गावाला निघाली. निरोप द्यायला मी बंदरावर गेले. रीत म्हणून म्हटलं, “तुझं शिक्षण वाया घालवू नकोस हं.”

ती हसली. “कुसुम, तू माझ्यावर जळतेस ते मना ठावक हाय.”

मी पदर सारखा करू लागले.

“जळ गो बाय. एवढ्या कुवेतात मी काय शिकून आले ते कुनी इचारलान नाय. तूच तेवढं इचारलंस. तू जळायचीस म्हनून वाटायचं, मी खरंच कायतरी मिळवून आले.”

माझा हात दाबून ती बोटीकडे वळली.

झुबेदा आता नाही. तिची नात पुण्यात शिकते. ती एकदा मला शोधत आली. म्हणाली, “दादी स्कॉटलंडला कशाला गेली होती, हे आमच्या घरात कोणालाच नीट ठाऊक नाही.”

मी तिला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. तिथली बेटं, ती गाणी, तोंडी परीक्षेत दादी कुठे अडली आणि कशी सुटली. दुपार सरली. पोरगी थक्क होऊन बघत राहिली.

“तुम्हीही होतात का तिथे?”

“नाही,” मी म्हटलं. “मला जायचं होतं.”