सुई बघू नका, वहिनी

गजादादांना शेवटचं भेटायला गेले तेव्हा मी त्यांच्याकडे कमी आणि त्यांच्या उशाशी लावलेल्या यंत्राकडेच जास्त बघत होते. हिरवी रेघ वरखाली होत होती, आकडे बदलत होते. त्यांनी डोळे उघडले, माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि सुया टोचलेला हात जेमतेम उचलून म्हणाले, "वहिनी, सुई बघू नका." त्यांच्या सुनेला वाटलं, मामा भ्रमात बोलतायत. मी मात्र हसले. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती, पस्तीसेक वर्षं सांगायची राहिलेली... पण नर्स वेळ संपल्याचं सांगत आली, मी "उद्या येते" म्हणून निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोचा, जनाबाईंचा फोन आला. त्याला आता दीड महिना झाला. तेव्हापासून कुणालाही "उद्या येते" म्हणताना माझी जीभ अडखळते.

गजादादा म्हणजे तळवलीतले आमचे घरमालक. ऐंशीनंतर आम्ही मराठवाड्यातून इकडे आलो, माझे यजमान अशोक ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागले. खोली शोधताना तीन घरमालकांनी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच दिली म्हणून सांगितलं. गजादादांनी एवढंच विचारलं, की पाणी विहिरीवरून आणायला लागेल, चालेल का. त्यांची शेती नव्या शहरासाठी सरकारने घेतलेली. नांगर सुटला तसा त्यांनी पाना धरला. आठवड्यातले चार-पाच दिवस कळंबोलीत ट्रकांच्या यार्डात काम करायचे, उरलेल्या वेळात घरापुढच्या शेडमध्ये. माणूस बोलायला कमी. इंजिन मात्र डोळे मिटून ऐकायचे, भजनाला बसल्यासारखे.

आमचं पहिलं बाळ गेलं ते गाडी न मिळाल्यामुळे. हे लिहायला अजून हात धजत नाही, पण लिहिते. भर दुपारी कळा सुरू झाल्या, आम्ही रस्त्यावर उभे राहिलो, ट्रकमागून ट्रक गेले, आणि ठाण्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. पुन्हा दिवस राहिले, आठवा लागला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की पहिली कळ आली की तासाभरात मी टेबलावर दिसले पाहिजे. अशोकने त्याच महिन्यात जुनी जीप आणली. कळंबोलीहून, आणि गजादादांना न विचारता! त्याला त्यांना चकित करायचं होतं. नुकताच निळा रंग दिलेली, टायर काळे कुळकुळीत, समोर झेंडूचा हार. मी कुंकू लावलं आणि पहिल्यांदा सुखाने श्वास घेतला.

तो श्वास ठाण्याच्या वाटेवरच्या दिघ्यापर्यंत टिकला. बॉनेटमधून वाफा यायला लागल्या, तापमानाच्या काट्याची सुई लाल पट्ट्यात गेली आणि आम्ही पुन्हा त्याच रस्त्याच्या कडेला उभे राहिलो, तसेच ट्रक बघत. सानपाड्याच्या मेकॅनिकने पंख्याचा पट्टा बदलला. दुसऱ्याने आतला थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याच्या वाटेतली झडप, काढूनच टाकला, म्हणाला, आपल्या हवेला तो लागतच नाही. तिसरा म्हणाला, इंजिन खोलावं लागेल, महिना जाईल. माझ्याकडे तीन आठवडे होते. रात्रंदिवस त्या सुईशिवाय डोळ्यांपुढे काही येत नसे. जीपमध्ये बसले की मी रस्ता बघायचे नाही, अशोककडे बघायचे नाही, नुसती सुई बघत राहायचे. ती जरा हलली की पोटात बाळ हलल्यासारखं व्हायचं आणि नक्की काय हललं तेच कळायचं नाही.

शेवटी मीच नवऱ्याचा मान बाजूला ठेवून गजादादांना हाक मारली. ते आले, बॉनेटला हातही न लावता ओसरीवर बसले आणि अशोक सांगायला लागला तसं त्याला थांबवून माझ्याकडे वळले. ही त्यांची पद्धतच होती, पुढे मी कितीदा तरी पाहिली. गाडी चालवणाऱ्याला ते शेवटी विचारायचे. चालवणारा रस्ता बघत असतो, गाडी बघतो तो शेजारी बसलेला, असं त्यांचं म्हणणं. मला विचारलं, काटा चढतो कधी? मी म्हटलं, मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना, पंधरा-वीस मिनिटांनी. उभी असताना? उभी केली आणि इंजिन चालू ठेवलं तर उलट हळूहळू उतरतो. अशोक माझ्याकडे बघतच राहिला, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. "मग पंख्याचा दोष नाय," गजादादा म्हणाले. "ताप आलाय म्हनून कपाल चोलत बसलेत सगले. पोट कोनी बघितलंच नाय."

त्यांनी जीप शिळफाट्यापर्यंत पळवून आणली, इंजिन बंद केलं आणि पुढची जाळी काढून रेडिएटरवर तळहात फिरवायला लागले, अगदी सावकाश, डॉक्टर पोट चाचपतो तसा. मग मला म्हणाले, पदर सांभाळून हात लावा. वर आणि कडेला तव्यासारखं तापलेलं होतं, आणि मधोमध वीतभर पट्टा माठासारखा गार. तिथल्या नळ्या तुंबल्या होत्या, पाणी पोचतच नव्हतं. सावकाश चालताना उरलेल्या नळ्यांवर भागत होतं, वेगात इंजिन जोरात तापायचं आणि तेवढ्यानं निभत नव्हतं. इतकं सरळ! आणि हे एवढं कळायला तीन मेकॅनिक आणि पंधरा दिवस गेले होते.

मग ते पाणी सोडायला जीपखाली शिरले. खालच्या रबरी नळीला एक तार गुंडाळलेली होती, ती सोडताना त्यांचा हात थांबला. घमेल्यात पाणी पडलं ते पिवळंधमक, तळाला चिखलासारखा गाळ. मी वास ओळखला. हळद! गळका रेडिएटर तात्पुरता बुजवायला ड्रायव्हर लोक मूठभर हळद टाकतात, हे मला तेव्हा कळलं. गळतं तिथे ती भरते, पण गळत नाही तिथेही जाऊन बसते. अशोकने विकणाऱ्याला शिव्यांची लाखोली वाहिली. गजादादा तारेची गाठ उलटसुलट करून बघत बसले होते... मला वाटलं, दुखणं हाताबाहेरचं आहे आणि हे सांगत नाहीयेत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेडिएटर खांद्यावर घेऊन ते कळंबोलीला गेले. तो उघडून, नळ्यानळ्यांतून सळई फिरवून, पुन्हा डाख देऊन बंद करून परत घेऊन आले. त्यानंतर यार्डातल्या कामावर गेलेच नाहीत. रोज भर उन्हात जीप ठाण्याच्या दवाखान्याच्या फाटकापर्यंत न्यायची, परत आणायची, पाणी बघायचं. आम्ही नको म्हटलं तरी ऐकेनात. जनाबाई चिडल्या, म्हणाल्या, भाडेकरणीचं बाळंतपण हाय, का तुमचं?

कळा आल्या त्या सकाळी अकराच्या सुमाराला. अशोक कारखान्यात. गजादादा स्टिअरिंगवर बसले, जनाबाई मागे मला धरायला येत होत्या, पण मी हट्टाने पुढे बसले. कारण सुई पुढे होती. ऊन मी म्हणत होतं. रबाळ्याला काटा अर्ध्यावर आला आणि मी ओरडले, दादा, चढतोय! त्यांनी खांद्यावरचा चौकटीचा रुमाल काढला, काट्यावर टाकला, कडा डॅशबोर्डच्या फटीत खोचल्या आणि म्हणाले, "आता सुई बघू नका, वहिनी. सुई मी बघतो. तुमी तुमचं बघा." सुई रुमालाखाली, आणि म्हणे मी बघतो! कळ ओसरली तेव्हा त्यांच्याकडे पाहिलं तर ते कान देऊन इंजिन ऐकत होते आणि घाम हनुवटीवरून टपकत होता. कळव्याच्या पुलावर रांग लागलेली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी दवाखान्याच्या दारात उभी होती आणि ते म्हणत होते, "पोचलो, वहिनी."

सुजाता दीड तासाने झाली.

बाराव्या दिवशी तिचं नाव ठेवलं. सगळं गाव जेवलं, गजादादा तेवढे आले नाहीत. मी बाळाला घेऊन शेडमध्ये गेले तर ते उभे राहिले, पण बाळाला हात लावेनात. मग खाली बघत म्हणाले, "ती हलद माझी व्हती. तारेची गाठ पन माझीच. यार्डात गाडी हिरवी व्हती, मालक बोलला, गिऱ्हाइकाकडं जाईपर्यंत टिकली पायजे. मी टाकली. कोन घेनार, ते नाय विचारलं."

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला मी देव मानायला निघाले होते, तो हे सांगत होता. "माझं हे पण मूल गेलं असतं तर?" एवढंच म्हणाले आणि वळले. सात-आठ महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. अशोकलाही काही सांगितलं नाही, हे आज वाचूनच त्याला कळेल. मग सुजाता रांगत रांगत त्यांच्या शेडमध्ये जायला लागली, काळे हात करून परत यायला लागली, आणि कधीतरी मी चहा नेऊन ठेवला. पुढे सहा वर्षं आम्ही त्याच खोलीत राहिलो. खोली सोडल्यावरही येणंजाणं राहिलं, मोठेपणी सुजाता गाडी चालवायला शिकली तीसुद्धा त्यांच्याकडेच. सगळं पूर्ववत झालं, पण तो प्रश्न तिथेच राहिला. मी तो मागे घेतला नाही. आधी रागाने, मग संकोचाने, आणि नंतर एवढ्या जुन्या गोष्टीचं काय काढायचं म्हणून. दवाखान्यात सांगायची राहिली ती हीच गोष्ट.

तेराव्याला जनाबाईंनी मला शेडमध्ये नेलं. फळीवर पत्र्याची एक डबी होती, तेलकट, झाकण घट्ट बसलेलं. आत वाळून खडा झालेला पिवळा गाळ. आमच्या रेडिएटरमधला. कुणी ड्रायव्हर हळद टाका म्हणून आला, की ते ही डबी उघडून त्याच्यापुढे ठेवायचे आणि नाही म्हणायचे. किती गिऱ्हाइकं परत गेली, असं जनाबाई सांगत होत्या. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सहा वर्षं मी रोज त्या शेडवरून जात होते आणि मला काही ठाऊक नव्हतं!

डबी आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, मिसळणाच्या डब्याशेजारी. सुजाता म्हणते, आई, हे काय घाण ठेवलंयस. परवा वरणाला हळद घालताना हात थांबला. गॅस बारीक केला, डबी उघडली आणि घरात कुणी नाही हे बघून मोठ्याने म्हटलं, "पोचलो होतो, दादा."