आधी पाणी, मग पोपट

चांदिवण्याच्या देवरहाटीतले पोपट बघायचे असतील, तर आधी शालनच्या घरचं पाणी प्यावं लागे. पाहुणा मुंबईचा असो की रत्नागिरीचा, शालन त्याला जोत्यावर बसवी, पितळी तांब्या आणि फुलपात्र पुढ्यात ठेवी आणि स्वतः कमरेवर हात देऊन समोर उभी राही. "तहान नाही" म्हणणाऱ्याला ती म्हणे, "घोटभर घ्या. चढ हाय." घोट घशाखाली उतरला की मगच ती कोयती कमरेला खोची आणि चालू पडे. पाहुण्यांना वाटे, काय ही कोकणातली माया! माया त्यात नव्हती असं नाही. पण पाण्याचं कारण वेगळंच होतं आणि ते चांदिवण्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

साल होतं चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं. देवरूखहून निघालेली एसटी डोंगराच्या पायथ्याशी जिथे दमून थांबे, ते चांदिवणे. गाव खाली, गावाच्या डोक्यावर उतारभर पसरलेली देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आणि देवरहाटीच्याही वर उघडाबोडका काळ्या कातळाचा सडा. देवरहाटीत कधी कुऱ्हाड लागली नव्हती. आत बेहडे, किंजळ, मांडीएवढ्या जाड वेली आणि भर दुपारी काळोख. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, आधी गावकराला विचारायचं, गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि मग पाऊल टाकायचं. सड्याच्या पलीकडच्या अंगाला बौद्धवाडी होती. तिथल्या माणसांनी देवरहाटीत पाऊल टाकायचा प्रश्नच नव्हता.

सड्यावर मात्र गावातलं कोणी फिरकत नसे. पूर्वी गावात ढोर मेलं की ते ओढून टाकायचं ते या सड्यावर, आणि ओढायचं वाडीने. छप्पन साली वाडीने धर्म बदलला आणि त्याबरोबर हे कामही सोडलं. ढोरं पडायची थांबली, हाडं पावसात वाहून गेली, पण गावाच्या मनातली किळस काही वाहून गेली नाही. बिनकामाचा सडा म्हणून त्यांनी तिकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. त्यामुळे एक गोष्ट गावातल्या कोणालाच माहीत नव्हती. सड्याच्या कडेवर बसलं की देवरहाटीचे शेंडे बरोबर डोळ्यांसमोर येतात आणि संध्याकाळी वस्तीला येणारे पोपट तिथून शेजारणीसारखे समोरासमोर दिसतात.

शालनला हे वाडीत लग्न होऊन आली त्याच वर्षी कळलं. नवरा सहदेव आणि दीर दोघंही मुंबईला गोदीत. घरात ती आणि सासू सुंदराबाई. सड्यावर गवत कापता कापता ती कडेला टेकायची आणि बघत राहायची. जांभळ्या डोक्याचे यायचे, निळसर अंगाचे लांब शेपटीचे यायचे, आणि चिमणीएवढे, तोकड्या शेपटीचे पोपट यायचे ते रात्री फांदीला उलटे लटकून झोपायचे. देवरूखच्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्री लिमये यांच्या घरी शालन कुळीथ द्यायला जाई. त्यांच्याकडच्या पुस्तकात तिने तो उलटा पोपट चित्रात पाहिला आणि म्हणाली, "ह्यो आमच्याकडं असाच निजतो. माझ्या दिरागत, डोकं खाली नि पाय वर."

लिमयेबाई दुसऱ्याच रविवारी हजर. मग त्यांच्या ओळखीचे आले, मग मुंबईचं एक निसर्गमंडळ आलं. वर्षाच्या आत शालन वाट दाखवणारी म्हणून नावारूपाला आली. सगळं खरंच सांगायची असं नाही. निळसर पोपट रोज सकाळी घाट चढून कोल्हापूरला जातात आणि तिकडची ज्वारी खाऊन परत येतात, असं ती छातीठोकपणे सांगे. लिमयेबाईंनी कितीदा समजावलं, पण शालन आपलं म्हणणं सोडायला तयार नसे. "तुमी गेलाव काय त्यांच्या मागनं?" ती विचारी, आणि बाई हसून सोडून देत.

हे सगळं खाली गावात महिपत गावकराच्या कानावर गेलं. महिपत देवळाचा पहिला मानकरी, पालखी निघे ती त्याच्या हाकेने. शहरातली मोठी माणसं चांदिवण्यात येतात, त्याच्या दारावरून जातात, देवाला नारळ न ठेवता थेट बौद्धवाडीत जाऊन बसतात आणि तिथे पाणी पितात! त्याला जेवण गोड लागेना. एकदा गावातल्या पाखाडीवर, दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, त्याने शालनला गाठलं.

"शालन, पाखरं देवाच्या रहाटीतली हायत. ती दाखवायचा मान गावाचा."

"मग दाखवा की. मी काय त्यांना दाव्यानं बांधलंय?"

महिपतने आवाज खाली आणला. माणूस मुरलेला होता. "तुझा सासरा भिकू देवाचा चाकर व्हता. शिमग्याला दिवटी घेऊन पालखीम्होरं चालायचा. तुमी सोडलंत, दिवटीची जागा मोकळी ऱ्हायली. औंदा तुझ्या घरातनं कुनीतरी दिवटी धरा. मग आन किती मानसं आनायचीत ती. गावातली वाट तुझीच."

"आनि न्हाय धरली तर?"

"तर गावातली वाट बंद. आनि देवाच्या मनात नसंल तर पोपट बी दिसायचे न्हायत."

शालन घरी आली ती धुमसतच. एसटी थांबे तिथून वाडीकडे यायची सोपी वाट गावातूनच होती. ती बंद झाली तर पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, दगडगोट्यांतून लांबचा वळसा, आणि येणाऱ्यांत पिकल्या केसांची माणसं जास्त. क्षणभर तिच्या मनात आलं, एक रात्र तर दिवटी धरायची, त्यात काय एवढं? हे मनात आलं याचाच तिला राग आला, आणि रागारागात तिने सासूला सगळं सांगितलं.

सुंदराबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं. "धर्म घेतला त्याच्या म्होरच्या शिमग्याला पालखी आली तेवा गाव दारात उभा ऱ्हायला. भिकू, दिवटी उचल म्हनाले. तुजा सासरा उठला, दिवटी घेऊन गेला, नि रहाटीच्या दगडी गडग्यावर विझवून ठेवली, तेलासकट. फेकली न्हाय का आपटली न्हाय. म्हनला, ज्याचा देव त्यानं धरावी. लई मारला त्याला." पुन्हा सूप ओढून ती म्हणाली, "उचलायची असंल तर मी मेल्यावर उचल."

"मी कशाला उचलीन?" शालन म्हणाली. त्याच दिवसापासून तिने पाण्याचा नेम धरला. गावाला गाऱ्हाणं लागतं ना, मग वाडीलाही काहीतरी लागेल. ज्याला पोपट बघायचे त्याने आधी या घरचं पाणी प्यायचं.

शिमगा तोंडावर आला असताना मुंबईचं मंडळ पुन्हा आलं, या वेळी चांगलं मोठं. लिमयेबाई सोबत होत्याच. एसटीतून उतरून बघतात तो पाखाडीच्या तोंडाशी काटेरी फांद्यांची शिरडं रचलेली. शेजारच्या ओसरीवर महिपत पान जमवत बसला होता. मंडळातले एक गृहस्थ तावातावाने पुढे निघाले, तसं न्यायला आलेल्या शालनने त्यांना थांबवलं. "असूंदे. त्यांची वाट हाय, निजवूंदे तिला काट्यांवर." आणि ती सगळ्यांना घेऊन पऱ्यात उतरली.

वळसा सोपा नव्हता. एक आजी दोनदा बसल्या, एकाची चप्पल तुटली. वाडीत पोचल्यावर सगळे पाण्यावर असे तुटून पडले की त्या दिवशी नेमाची आठवण करून द्यायची गरजच पडली नाही. ऊन कलायच्या सुमारास माणसं सड्याच्या कडेवर ओळीने बसली. कडेला भिकूने कधीकाळी कुंपणाला लावलेले पांगारे होते. आता ते उंच वाढून लाल फुलांनी पेटले होते. समोर देवरहाटीचे शेंडे. पहिला थवा आला, दुसरा आला, आणि खोल पानांत शिरून दिसेनासा झाला. उजेड आहे तोवर ते शेंड्यांवर येऊन बसतील, असं शालनने सगळ्यांना सांगितलं.

इतक्यात खाली ढोल वाजला.

एक नाही, गावातले सगळे ढोल. शिमग्याचा सराव म्हणे, आणि तोही नेमका देवरहाटीच्या गडग्याला लागून! शालनला डाव लगेच कळला. आज पोपट उडून गेले, तर ही माणसं रिकाम्या हाताने, सोललेल्या पायांनी परत जाणार, आणि पुन्हा इकडे वळणार नाहीत. गावभर होईल की दिवटीशिवाय पोपट दिसत नाहीत. महिपतचं म्हणणं खरं ठरेल आणि सासऱ्याने खाल्लेला मार फुकट जाईल. लिमयेबाईंनी तिच्याकडे पाहिलं. शालनने नजर समोरून हलवली नाही, पण लुगड्याचा पदर तिने मुठीत घट्ट आवळून धरला होता.

ढोलांनी जोर धरला आणि देवरहाटी आतून फुटली. किलकिलाट करत शेकड्यांनी पोपट पानांबाहेर आले. खालून आवाज येतोय म्हटल्यावर ते खाली कशाला जातील? ते वर उठले. उतार चढून, शेंडे ओलांडून सरळ सड्यावर आले, बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून गेले आणि भिकूच्या पांगाऱ्यांवर उतरले. हात लांब केला तर फांदी हाताला लागेल इतक्या जवळ. जांभळी डोकी, निळसर पंख, आणि ते चिमणीएवढे पोपट तर लाल फुलांत डोकं खुपसून लगेच उलटे लटकले. माणसांच्या दुर्बिणी मांडीवर तशाच पडून राहिल्या.

खाली महिपतला पोपट उडाले एवढंच दिसलं. त्याने ढोलकऱ्यांना आणखी जोरात वाजवायला सांगितलं. गड्यांनी घाम गाळून वाजवलं. जितके ते वाजवत, तितके पोपट पांगाऱ्यांवर जाम बसून राहत, कारण घरी जायची सोय उरली नव्हती. सड्यावर आपण होऊन कधी पाऊल टाकलं असतं, तर हा गाढवपणा गावाच्या हातून झाला नसता. शालन आधी गालातल्या गालात आणि मग पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वाजवा बाबांनो," ती पुटपुटली, "दमू नका."

ही हकिगत दुसऱ्या दिवशी देवरूखच्या बाजारात पोचली आणि तिथून तालुकाभर झाली. ढोल बडवून शालनला पोपट पुरवणारा गावकर, म्हणून लोक महिपतला एसटीत चिडवू लागले. पावसाळ्याआधीच शिरडं कोणीतरी बाजूला केली. कोणी केली हे विचारायच्या भानगडीत शालन पडली नाही.

पुढच्या वर्षी पांगारा फुलला आणि एका दुपारी खुद्द महिपत वाडीत आला. त्याच्या मुंबईच्या मुलाचे साहेब आणि साहेबांच्या पत्नी गावी आले होते, आणि त्यांना पोपटच बघायचे होते. मागून महिपतची बायको येसूबाई, धापा टाकत. देवरहाटीच्या खाली उभा जन्म काढलेली बाई, पण वर काय आहे ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

शालनने सगळ्यांना जोत्यावर बसायला सांगितलं आणि तांब्या आणला. साहेब प्याले, त्यांच्या पत्नी प्याल्या. तिसरं फुलपात्र तिने भरून महिपतच्या पुढ्यात ठेवलं.

"आमी चा घेऊन निघालोय," महिपत म्हणाला. "तहान न्हाय."

"घोटभर घ्या. चढ हाय."

महिपत फुलपात्राकडे बघत राहिला. साहेबांना काही कळेना. ऊन कलू लागलं होतं. शालन कमरेवर हात देऊन उभी होती आणि कोयती अजून भिंतीला टेकलेली होती.

येसूबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग हात लांब करून तिने तांब्याच उचलला. वरून धार न धरता सरळ तोंडाला लावला आणि गटागटा प्यायली. पदराने तोंड पुसून म्हणाली, "वरनं प्याले की ठसका लागतो मना. चल गो शालन, पाखरं थांबायची न्हायत."

"चला काकी," शालन म्हणाली आणि तिने कोयती खोचली. "गावकर, तुमी बसा निवांत. पानी हितंच हाय."

त्या संध्याकाळी येसूबाई पांगाऱ्याखाली लहान पोरीसारखी बसून होती, आणि निळसर पोपट कोल्हापूरला जेवायला जातात हे तिला लगेच पटलं. अंधारताना सगळी खाली आली, तेव्हा महिपत निघून गेला होता. फुलपात्र काठोकाठ भरलेलं तसंच होतं. सुंदराबाईने ते उचललं आणि अंगणातल्या मिरचीच्या रोपाला घातलं.

"प्याला न्हाय गो," ती म्हणाली.

"न्हाय तर न्हाय," शालन म्हणाली. "पोपट बी बगितले न्हायत त्यानं."