मामांचा तांबडा डोळा

आमच्या मामांचा या जगात कुणावरही विश्वास नाही. सूर्य उगवला तरी ते घड्याळ पाहतात, आणि मग घड्याळाकडेही संशयाने पाहतात. साखर कारखान्यात वजनकाट्यावर तीस वर्षं काढल्याचा हा परिणाम असं लोक म्हणतात. पण आई सांगते, पाळण्यातही ते दुधाचा वास घेऊन मगच प्यायचे. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी कुणी गेलं की ते आधी पाहुण्याचे डोळे तपासतात. डोळे लाल असले तर शक्यता तीनच: घेतलीय, रडलाय किंवा डोळे आलेत. एकदा माझा नवरा जोतिबाहून डोळ्यांत गुलाल गेल्यामुळे चोळत चोळत आला, तर मामांनी त्याचं तोंड हुंगलं. "गुलाल अंगावर असतोय जावईबापू, डोळ्यात कसा शिरला?"

यंदा वर्षाची लाल मिरचीची चटणी कांडप मशीनवर कांडायला मामा स्वतः गेले. मामी गेल्यापासून ते काम त्यांच्याकडे आहे, आणि कांडपवाला आपली चांगली मिरची बदलणार याची त्यांना खात्रीच होती. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून लांब बसल्या. मामा मात्र मशीनला नाक लावून दीड तास उभे राहिले, पापणी न मिटता. घरी येऊन त्याच हातांनी त्यांनी डोळे चोळले.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर डावा डोळा लालभडक. संशयितांची नावं तयार होती: कांडपवाला, शेजारणीची फोडणी आणि मी. "परवा तू माझा चष्मा पुसलीस. कशानं पुसलीस?"

"पदरानं. डोळ्यात काही घातलंत का?"

"औषध घातलंय की." फ्रिजच्या दारातून त्यांनी बाटली काढली. मामीच्या मोतीबिंदूच्या वेळची. "हिची हाय. हिच्या वस्तूत खोट न्हाय."

मी याद्या करणारी बाई आहे. डायरीत सगळ्या घरांचं दुखणंखुपणं लिहिलेलं असतं. नुसती लाली असती तर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून, चोळायचं नाही असं बजावून एक-दोन दिवस वाट पाहिली असती. पण डोळा दुखत असेल, उजेड सोसत नसेल किंवा धूसर दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. मामांना तिन्ही होत होतं. समोरच्या कॅलेंडरवरची तारीखही त्यांना त्या डोळ्यानं वाचता येईना.

"मामा, थेंबांची बाटली उघडली की महिन्याभरात टाकायची असते. हिला दोन वर्षं झाली."

"म्हंजे नवी घ्यावी. औषधवाल्यांचा धंदाच हाय त्यो."

"डोळा जाईल, मामा."

त्यांनी बाटली परत फ्रिजच्या दारात ठेवली. मग चपला घातल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावर ओरखडा आहे, त्यात जंतू शिरलेत. आणखी दोन दिवस थांबला असता तर नजर गेली असती. मामा म्हणाले, "तुमचंच डोळं तांबडं हायत की, डॉक्टर!"

त्यानंतर मी दिवसातून चार वेळा, दोन गल्ल्या ओलांडून, थेंब घालायला जात होते. पहिल्या दिवशी मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "किती थेंब? एकच न्हवं? आधी बाटलीवरचं वाच." मी दर वेळी औषधाचं नाव आणि मुदत मोठ्यानं वाचायची. चौथ्या दिवसापासून ते वाचायला सांगेनासे झाले. पुढं पुढं तर मान मागं टाकून, थेंब पडल्यावर डोळे मिटून ते तसेच पडून राहायचे आणि मामी चटणीत मीठ किती घालायची, हे सांगत बसायचे. चहा करून ठेवलेला असायचा. दोन कप.

दहाव्या दिवशी डॉक्टरांनी डोळा स्वच्छ झाला, आता औषध बंद, असं सांगितलं. त्यांना घरी सोडून मी निघाले, तर मामा दारात आले.

"उद्यापासनं तू यायची न्हाईस, म्हण की."

"आता कशाला, मामा?"

"नीट बघ की पोरी. कोपऱ्यात जरा तांबडं वाटतंय."

मी त्यांना उजेडात उभं केलं आणि डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिलं. डोळा धुतल्यासारखा पांढराशुभ्र होता.

"आहे थोडं," मी म्हटलं. "उद्या येऊन बघते."

कुठं आहे, किती आहे, मामांनी काही विचारलं नाही.